हेलन हेज : संयमाचा अभिनय

अमेरिकन रंगभूमीची 'प्रथम महिला' म्हणून गौरविल्या गेलेल्या हेलन हेज (१९००–१९९३) ह्यांच्याविषयी लिहिताना पुरस्कारांची जंत्री देण्याचा मोह होतो. ऑस्कर, टोनी, एमी आणि ग्रॅमी हे चारही सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. परंतु जंत्रीने कलावंत कळत नाही. त्यांच्या अभिनयाचे सामर्थ्य कशात होते, हेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

वॉशिंग्टन येथे जन्मलेल्या आणि कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या हेलन पाचव्या वर्षीच रंगमंचावर आल्या. उंची जेमतेम पाच फूट. तरुणपणीच्या त्यांच्या भूमिकांवर लाडिकपणाचा आक्षेप घेतला गेला आणि तो अगदीच निराधार नव्हता. पुढे १९३३ मध्ये त्यांनी स्कॉटलंडची उंचपुरी राणी मेरी रंगविली ती केवळ ताठ मानेच्या आणि सावकाश पावलांच्या बळावर. १९३५ च्या 'व्हिक्टोरिया रेजायना'मध्ये तर एकाच प्रयोगात त्या तरुण राणीपासून वृद्ध विधवेपर्यंतचा प्रवास करीत.

चित्रपटांत मात्र त्यांना बेताचीच साथ मिळाली. ज्या चित्रपटासाठी त्यांना पहिले ऑस्कर मिळाले, तो १९३१ चा 'द सिन ऑफ मॅडलॉन क्लोडे' आमच्या मते अश्रूंनी ओथंबलेला आहे. पटकथा त्यांचे पती, नाटककार चार्ल्स मॅकआर्थर ह्यांची. मुलासाठी अधोगती पत्करणाऱ्या आईची ही कथा तरून जाते, ती हेलन जेथे रडत नाहीत तेथे.

मॅकआर्थर प्रॉटेस्टंट आणि घटस्फोटित होते. १९२८ मध्ये त्यांच्याशी विवाह केल्यामुळे हेलन ख्रिस्तप्रसादास मुकल्या, त्या पतीच्या निधनापर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत. विवाहाच्या अभंगत्वाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण आम्ही जाणतो व मानतो. तरीही अठ्ठावीस वर्षे म्हणजे काय, हे मिस्साला येऊन ख्रिस्तप्रसादाच्या वेळी बाकावरच बसून राहणाऱ्या आपल्या बांधवांना विचारावे. मध्यंतरी, १९४९ मध्ये, अभिनेत्री होऊ पाहणारी त्यांची एकोणीस वर्षांची कन्या मेरी पोलिओने दगावली. ह्या मातेने पुढे पोलिओविरोधी कार्यास वाहून घेतले.

अभिनय हा पापनिवेदन नव्हे. कलावंताचे दुःख त्याच्या भूमिकेत शोधणे धोक्याचे असते. तथापि १९५६ च्याच 'अनास्तासिया'मधील वृद्ध सम्राज्ञी आम्हांस विसरता येत नाही. आपण तुमची हरवलेली नात आहोत असे सांगणाऱ्या मुलीला ती कठोरपणे नाकारते. निघून जाताना मुलीच्या खोकल्याने थबकते, एक साधा प्रश्न विचारते आणि उत्तर ऐकून तिला मिठीत घेते. येथे इन्ग्रिड बर्गमन बोलतात, तळमळतात. हेलन फक्त थांबतात. आशेला नकार देणारा चेहरा हळूहळू हार मानतो. तो नकार इतका पक्का नसता, तर ती मिठी केवळ गोड वाटली असती.

१९७१ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात त्यांनी रंगभूमीचा निरोप घेतला. नाटक होते यूजीन ओनील ह्यांचे 'लाँग डेज जर्नी इन्टू नाइट' आणि भूमिका मेरी टायरोनची : कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली, व्यसनात बुडालेली आणि हरवलेली श्रद्धा शोधत फिरणारी माता. स्वतः वेदीकडे परतलेल्या ह्या अभिनेत्रीने अखेरची भूमिका निवडली, ती मात्र परतीची वाट न सापडलेल्या स्त्रीची.