गाण्यातील पाऊस, मापातील पाऊस : प्राथमिक वर्गातील संगीत व भूविज्ञान यांच्या समन्वयाची चिकित्सा

प्रस्तावना

प्राथमिक वर्गात गाण्याला स्थान आहे. परंतु ते बहुधा विषयाच्या उंबरठ्यावरच थांबते. खंडांची, ग्रहांची वा खडकांच्या प्रकारांची नावे चालीवर बसविली की ती लवकर पाठ होतात आणि त्यालाच विषयांचा समन्वय म्हटले जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कला-समाकलनाचा पुरस्कार केल्यामुळे अशा प्रयोगांची चिकित्सा अगत्याची ठरते. संगीत हे भूविज्ञानाच्या माहितीचे केवळ वाहन आहे, की निरीक्षणाचे साधनही आहे, हा येथील कळीचा प्रश्न होय.

गीतातील निसर्ग

पावसाला पैशाचे आमिष दाखविणारे बालगीत मराठी मुलाला शाळेत येण्यापूर्वीच येत असते. त्यात पाऊस ही जणू व्यक्ती आहे. तिला बोलावता येते, फसविताही येते. बालमनाला भावणाऱ्या या कल्पनेवर विज्ञानाची छडी उगारण्याचे कारण नाही. मात्र शिक्षक तेथेच थांबला, तर पाऊस किती पडला हा प्रश्न कधी उद्भवतच नाही.

हादग्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात प्रवेश करतो, हत्तीच्या चित्राभोवती मुली फेर धरतात आणि त्याच सुमारास नैर्ऋत्य मोसमी पाऊस परतीच्या वाटेला लागलेला असतो. लोकगीतांच्या परंपरेने ऋतुनिरीक्षण जपले, हे तिचे श्रेय. तथापि नक्षत्र पाऊस पाडीत नाही. सूर्याचे ताऱ्यांमधील स्थान काळ दाखविते. पाऊस आणतात ते समुद्रावरील बाष्प वाहून आणणारे वारे. एकाच वेळी घडणाऱ्या दोन घटना आणि एकीमुळे घडणारी दुसरी, यांतील भेद चौथी-पाचवीच्या मुलाला या फेराच्या निमित्ताने समजावता येतो.

कोसबाडचा दाखला

या संदर्भात जुन्या ठाणे जिल्ह्यातील एका कार्याचे स्मरण उचित ठरेल. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ यांच्या साथीने शिक्षण आदिवासी मुलांच्या अंगणात पोहोचविताना गाणी-गोष्टींबरोबर परिसरातील स्वस्त, सहज मिळणाऱ्या वस्तूंनाच त्यांनी शैक्षणिक साधनांचा दर्जा दिला. तेथे भूविज्ञान हा स्वतंत्र विषय नव्हता. परंतु गाणे आणि हाताळता येणारी वस्तू यांची फारकत होऊ नये, हे तत्त्व तेथून घेण्याजोगे आहे.

भिवंडीच्या परिसरातील शक्यता

भिवंडीभोवतालच्या टेकड्या दख्खनच्या बेसाल्टच्या आहेत. हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पाथरवट अशा दगडावर हातोडी मारून नाद ऐकतो. अखंड दगड खणखणतो, चिरलेला बद्द वाजतो. कारण भेगेपाशी कंपने अडतात व विरतात. भूकंपलहरींवरून पृथ्वीचे अंतरंग जाणण्याची रीत तत्त्वतः याहून फार निराळी नाही. कोसबाड ज्या डहाणू तालुक्यात आहे, तेथे नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसत राहिले, हे ध्यानात घेतल्यास या पाठाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

पत्र्यावरील पावसाची लय विलंबित, मध्य की द्रुत, हे मुलांनी टाळीने ओळखावे आणि त्याच वेळी अंगणातील सरळ काठांच्या बरणीत साचलेले पाणी पट्टीने मोजावे. थेंबांचा आकार व वारा यांमुळे दोन्ही नोंदी नेहमी जुळणार नाहीत. त्या का जुळल्या नाहीत, याचा शोध हाच खरा पाठ. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ही उंची पहिलीतील मुलाच्या जवळजवळ खांद्यापर्यंत येते. मोजण्याची सवय लागलेल्या मुलाला हा आकडा कळतो. केवळ गाणे पाठ असलेल्या मुलाला तो ऐकूनही कळत नाही.

मर्यादा

या विचारासमोर दोन अडचणी आहेत. भिवंडीत मराठीबरोबर उर्दू, हिंदी व तेलुगू बोलणारी मुले शिकतात. म्हणून हादगा सर्वांचा आहे असे गृहीत न धरता प्रत्येक घरातील पावसाचे गाणे वर्गात येऊ द्यावे लागेल. दुसरी अडचण अधिक कठीण आहे. ऐकण्यासाठी शांतता लागते आणि यंत्रमागांच्या खडखडाटाला लागून असलेल्या वर्गात तीच दुर्मीळ असते. साधनांच्या याद्या करताना शांततेचा विचार सहसा होत नाही. तो न करता केलेला समन्वय ज्या मुलांना त्याची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्यापर्यंतच पोहोचणार नाही.

समारोप

संगीताने भूविज्ञान गोड करावे, ही अपेक्षा अपुरी आहे. त्याने कान तयार करावा, ही अपेक्षा रास्त होय. गाणे संपल्यानंतर मुलाने काय हाताळले, काय मोजले आणि कोणता प्रश्न विचारला, यावरूनच अशा पाठाचे मूल्यमापन व्हावे. अन्यथा खडकांची नावे सुरात म्हणणारे मूल शाळेच्या पायरीचा काळा दगड मात्र ओळखणार नाही.