आडनाव काय सांगते आणि काय सांगत नाही

आडनावांचा उगम शोधण्याचा छंद आपल्याकडे जुना आहे. घराण्यांचे कुलवृत्तान्त छापले जातात. मूळ पुरुष कोण, तो कुठून आला, त्याच्या किती शाखा झाल्या, आज त्या आडनावाची किती माणसे कोणत्या गावी आहेत, याचे तक्ते त्यांत असतात. शाळांमधूनही ‘माझे आडनाव’ असा प्रकल्प मुलांना दिला जातो. या लेखनामागे कष्ट पुष्कळ असतात, पण त्यातील अनुमाने तपासून पाहण्याची सवय फारशी दिसत नाही. एक उदाहरण घेऊन ती तपासावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे. उदाहरण मुद्दामच लहान समाजाचे घेतले आहे. संख्या लहान असली की तर्कातले दोष लवकर नजरेस येतात.

हे उदाहरण आहे बेने इस्रायल समाजाचे. आम्हा नवी मुंबईकरांना ते दूरचे नाही. पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचे आहे. कोकणपट्टीतील हे मराठी बोलणारे ज्यू पूर्वी तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची आडनावे पाहा : किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, झिराडकर, आवासकर, दिवेकर. आजच्या रायगड जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला तर बहुतेक गावे बोट ठेवून दाखविता येतात. अशा आडनावांची संख्या शंभराच्या पुढे जाते. त्यांतली कित्येक आज इतकी दुर्मिळ आहेत की एखाद्या शहरात त्या नावाचे एकच घर असावे.

या समाजाचा पहिला मोठा इतिहास हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ च्या सुमारास इंग्रजीत लिहिला. तो पुस्तकरूपाने निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर. रीतिरिवाज, सण, लग्नविधी, पोशाख यांची त्यातील नोंद अतिशय मोलाची आहे. आपल्या डोळ्यांदेखत बदलत चाललेले जग त्यांनी टिपून ठेवले. हे आधी स्पष्ट करतो, कारण पुढची टीका त्यांच्या निरीक्षणांवर नाही, उगमाविषयीच्या अनुमानांवर आहे.

परंपरा अशी की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांच्यापासून हा समाज वाढला. केहिमकरांनी ही घटना इ. स. पूर्व १७५ च्या सुमारास नेली. एक मुख्य आधार असा, की या लोकांना हनुक्का हा सण माहीत नव्हता. हनुक्का ज्या घटनेवरून सुरू झाला ती इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातली. तेव्हा त्याआधीच हे लोक मायदेश सोडून निघाले असणार, असा हा तर्क आहे.

तर्क आकर्षक आहे, पण टिकणारा नाही. एखादी गोष्ट माहीत नसण्याची कारणे दोन असू शकतात : ती कधी कळलीच नाही, किंवा कळली होती पण विसरली गेली. याच समाजात हिब्रू भाषा जवळजवळ पूर्ण विस्मरणात गेली होती. ‘शमा’ ही प्रार्थना, शनिवारचा विसावा, सुंता अशा मोजक्या खुणा उरल्या होत्या. जे लोक भाषा विसरू शकतात ते एखादा सणही विसरू शकतात. दोन्ही कारणांनी दिसणारे चित्र एकच असेल, तर त्या चित्रावरून दोहोंपैकी एक कारण निवडता येत नाही. मौनाला पुरावा मानण्याची ही खोड आपल्या कुलवृत्तान्तांतही पानोपानी आढळते.

आता आडनावांकडे वळू. ‘किहीमकर म्हणजे मूळचे किहीमचे’ असे आपण सहज म्हणतो. पण किहीमात राहणाऱ्याला किहीमकर म्हणून काय उपयोग? तिथे सगळेच किहीमचे. हे नाव पडते ते गाव सोडल्यावर, मुंबईला, ठाण्याला किंवा पलटणीत. म्हणजे ‘कर’ प्रत्यय निघाल्याचे ठिकाण सांगतो, उगमाचे नव्हे. त्याआधी ते घराणे किहीमला कुठून आले होते, याबद्दल आडनाव गप्प असते. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर आपल्या लोकांत सामाजी हसाजी म्हणून ओळखले जात. स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव, एवढ्यावर भागत असे. आडनाव घट्ट झाले ते पुढे सरकारी दप्तरे, शाळा आणि कचेऱ्या यांच्या गरजेतून. म्हणून या शंभर नावांचा नकाशा फार उपयोगी आहे, पण तो समाज मुंबईकडे पांगण्याआधी कुठे वसला होता याचा आहे. जहाज कुठे फुटले याचा तो पुरावा नाही.

शिवाय तेच गाव सोडून निघालेल्या दुसऱ्या जातीच्या माणसालाही तेच नाव पडते. दिवेकर आणि दांडेकर बेने इस्रायलांत आहेत, तसे चित्पावनांतही आहेत. त्यांचे रक्ताचे नाते शोधत बसणे व्यर्थ. उलट बाजूही आहे. मुंबईतील डॉ. ई. मोझेस रस्ता ज्यांच्या नावाने आहे ते १९३७-३८ चे महापौर डॉ. एलिजा मोझेस हे राजपूरकर घराण्यातले. अनेकांनी असे वडिलांचे नावच आडनाव म्हणून लावले. वंश चालू राहिला, आडनाव मात्र दप्तरातून गेले. आडनावांची यादी करणारा इथे ‘एक घराणे संपले’ असे लिहून मोकळा होईल.

एखादे आडनाव दुर्मिळ का होते? कुलवृत्तान्तकार याचे उत्तर बहुधा गुणदोषांत शोधतात : भरभराटीचे घराणे पराक्रमी, संपलेले घराणे दुर्दैवी किंवा शापित. हाच प्रश्न फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ साली ‘एज्युकेशनल टाइम्स’ या नियतकालिकात गणित म्हणून घातला. शिक्षकांसाठीच्या मासिकात असा प्रश्न यावा, हे आपल्याला आवडण्यासारखे आहे. रेव्हरंड वॉटसन यांनी त्याचे उत्तर दिले. गणित वर्गात करून पाहता येते.

चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला एक वेगळे आडनाव द्या. प्रत्येकाने दोन नाणी उडवायची. जितके छापे तितके मुलगे. दोन्ही काटे पडले तर ते नाव तिथेच संपले. पुढच्या पिढीत प्रत्येक मुलाच्या नावे पुन्हा दोन नाणी. सरासरी एक मुलगा, म्हणजे एकूण माणसे चाळीसच्या आसपासच राहतात. नावे मात्र पहिल्या पिढीनंतर सुमारे ३० उरतात, दुसऱ्यानंतर २४, तिसऱ्यानंतर २१, पाचव्यानंतर १६. दहाव्या पिढीपर्यंत चारांपैकी जवळजवळ तीन नावे नाहीशी होतात. कोणी आळशी नव्हते, कोणाला शाप नव्हता. उरलेल्या नावांची घरे मोठी झालेली दिसतील. त्यांचा कुलवृत्तान्त लिहिणाऱ्याला वाटेल की यांच्यात काही विशेष होते. संपलेल्यांचा कुलवृत्तान्त लिहायला कोणी उरलेलेच नसते, ही या साऱ्या वाङ्मयातली मूळ अडचण आहे.

दोनऐवजी तीन नाणी घेतली तर? सरासरी दीड मुलगा, लोकसंख्या वाढती. नाव कधी तरी संपण्याची शक्यता क्ष मानली, तर क्ष = [(१ + क्ष)/२]³ असे समीकरण येते. कारण प्रत्येक नाण्याबाबत काटा पडावा किंवा छापा पडून त्या मुलाचा वंश संपावा, आणि हे तिन्ही नाण्यांबाबत घडावे. सोडवले तर एक उत्तर १ येते आणि दुसरे √५ − २, म्हणजे ०.२३६. वॉटसन यांनी १ हेच उत्तर धरले आणि सगळीच आडनावे अखेर नष्ट होणार असे सांगून टाकले. बरोबर उत्तर लहान मूळ आहे : शंभरातली २४ नावे जातात, बाकीची टिकतात. फ्रान्समध्ये बिएनेमे यांना १८४५ सालीच हा निष्कर्ष सापडला होता, पण तो दुर्लक्षित राहिला. १९२७ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी हेच गणित नव्या जनुकबदलाच्या टिकण्याला लावले. हे तेच हाल्डेन, जे १९५७ साली भारतात येऊन राहिले. आडनाव आणि जनुक यांचे गणित एकच आहे, ही गोष्ट वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना जरूर दाखवावी.

हा हिशेब सात जोडप्यांच्या कथेला लावून पाहू. लोकसंख्या स्थिर असेल, तर दोन नाण्यांच्या खेळाप्रमाणे सातांपैकी सरासरी दोनही पुरुषवंश दहा पिढ्यांनंतर उरत नाहीत. समाज वाढता होता असे धरले तरी वंश सातांहून अधिक होणे शक्यच नाही. आडनावे मात्र शंभरावर. म्हणजे कथा खरी मानली तरी एकेका वंशावर दहा-वीस गावांची नावे चढली असली पाहिजेत. कथा आणि आडनावांची यादी एकमेकींना दुजोरा देतात असा समज अनेक लेखांत दिसतो. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या काळांबद्दल बोलतात.

संख्येचा प्रश्न याहून अवघड आहे. जनगणना धर्म विचारते, पण आडनावांची गणती प्रसिद्ध करीत नाही आणि १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तिगत नोंदी पाहायलाही देत नाही. भारतातील ज्यूंची संख्या १९५१ साली सुमारे २६ हजार होती, २०११ मध्ये सुमारे साडेचार हजार. यात कोचीनचे आणि बगदादी ज्यूही आले. ही घट मुख्यतः स्थलांतराची आहे. आज इस्रायलमध्ये हा समाज भारतातल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. एखादे आडनाव पनवेलात दुर्मिळ असेल आणि अश्दोदमध्ये भरपूर. कुलवृत्तान्तातील आकडे पत्रव्यवहाराने जमवलेले असतात. ज्यांनी उत्तर पाठवले ते मोजले गेले, बाकीचे नाहीत. तरीही तिथे शेवटच्या अंकापर्यंत आकडा छापलेला असतो!

आता जनुकशास्त्राबद्दल. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, आडनावासारखेच. म्हणून इंग्लंडमध्ये त्यांची तुलना झाली. २००० साली साइक्स या आडनावाच्या ४८ पुरुषांपैकी २१ जणांत वाय गुणसूत्राचा एकच नमुना सापडला. २००९ मध्ये किंग आणि जॉबलिंग यांनी चाळीस आडनावे तपासली. दुर्मिळ नावांच्या पुरुषांत समान पूर्वजाची खूण ठळक होती. स्मिथसारख्या नावात ती जवळजवळ नव्हती. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगावी असणारच. आमच्याकडचे पाटील तसेच. पण या निष्कर्षाचे भाषांतर ‘दुर्मिळ आडनाव म्हणजे एक रक्त’ असे करून ते महाराष्ट्राला लावणे बरोबर नाही. इंग्लंडमधील आडनावे कित्येक शतके पिढीजात चालत आली आहेत. आपली त्यामानाने तरुण आहेत, आणि दत्तकाची प्रथा इथे सर्रास होती.

बेने इस्रायलांचा जनुकीय अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. अठरा व्यक्तींच्या नमुन्यांची इतर ज्यू, भारतीय व पाकिस्तानी समूहांशी तुलना केली गेली. पूर्वजांत ज्यू आणि भारतीय दोघांचाही वाटा मोठा आहे आणि हे मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाले, असे त्यात निघाले. पिढी २५ ते ३० वर्षांची धरली तर सुमारे पाचशे ते हजार वर्षे. यावरून ‘दंतकथा सिद्ध झाली’ असे म्हणता येत नाही आणि ‘खोटी ठरली’ असेही नाही. हा काळ मिश्रणाचा आहे, आगमनाचा नव्हे. आलेले लोक आधी किती काळ वेगळे राहिले ते या आकड्यातून कळत नाही. जहाज आणि सात जोडपी तर कोणत्याच गुणसूत्रावर लिहिलेली नसतात.

हा वाद केवळ हौसेचा नाही. १९६२ साली इस्रायलमधील मुख्य रब्बींच्या कार्यालयाने विवाह लावणाऱ्या रब्बींना सूचना दिल्या, की वधू किंवा वर बेने इस्रायल असेल तर त्यांच्या मातृकुळाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. कोकणातून गेलेल्या माणसांना आपण कोण आहोत याचा पुरावा परक्या कचेरीत मागितला जाऊ लागला. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये निदर्शने झाली आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने हा समाज सर्व बाबतींत ज्यूच असल्याचे जाहीर केले. यातली विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रश्न होता आईच्या आईचा, आणि आडनाव सांगते बापाच्या बापाचे. रोहेकर घरात आलेली पेणकरांची मुलगी लग्नानंतर रोहेकर होते आणि तिची आई यादीतून केव्हाच गेलेली असते. दहा पिढ्या मागे आपले १,०२४ पूर्वज असतात (काही जागी तीच व्यक्ती पुन्हा येईल, ती गोष्ट वेगळी). त्यांतला एकच आपल्या आडनावाच्या सरळ रेषेवर असतो.

शाळेतील प्रकल्पाचा तक्ता करताना म्हणून माझी सूचना अशी : आडनावाच्या रकान्याशेजारी आईचे माहेरचे गाव, आजीचे माहेरचे गाव आणि घराण्याने शेवटचे गाव केव्हा व का सोडले, असे तीन रकाने घालावेत. ज्या मुलाला आडनाव सांगायचे नसेल किंवा ज्याच्या घरी ते लावत नाहीत, त्याचाही तक्ता या तीन रकान्यांवर पुरा होतो. नाण्यांचा खेळ त्याच तासाला घ्यावा. चाळीस मुलांना चाळीस मिनिटांत पाच पिढ्या सहज होतात.