'आम्ही' आणि 'आपण' : मराठवाड्यातील सार्वजनिक वक्तृत्वाची चिकित्सा

प्रस्तावना

वक्तृत्वाविषयी मराठी समाजाची वृत्ती दुहेरी आहे. वक्त्याच्या जिभेवर सरस्वती नाचते असा गौरव एकीकडे होतो, आणि गर्जेल तो पडेल काय, अशी शंका दुसरीकडे घेतली जाते. पुष्कळदा एकाच सभेतून घरी परतणारा एकच श्रोता ही दोन्ही मते व्यक्त करतो. प्लेटोने 'गॉर्जियस' या संवादात वक्तृत्वाची तुलना पाककौशल्याशी केली होती. वैद्य हितकर ते देतो, आचारी रुचकर ते देतो, असा त्या तुलनेचा आशय. अ‍ॅरिस्टॉटलने मात्र वक्त्याचे चारित्र्य, श्रोत्याची भावना आणि युक्तिवाद ही मन वळवण्याची तीन साधने मानून वक्तृत्वाला शास्त्राचा दर्जा दिला. आपल्या परंपरेत काव्याच्या शब्दसौंदर्याचा विचार अलंकारशास्त्राने केला आणि वादाच्या शुद्धतेचा विचार न्यायशास्त्राने केला. जनसमुदायासमोर केलेले भाषण या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत राहून गेले. परिणामी मराठीतील भाषणांची समीक्षा ओघ, आवाज, विनोद आणि पाठांतर यांच्या पलीकडे क्वचितच जाते.

या चिकित्सेसाठी मराठी भाषेने एक अंगभूत साधन दिलेले आहे, त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. बोलणारा ऐकणाऱ्याला वगळतो तेव्हा 'आम्ही', त्याला सामावून घेतो तेव्हा 'आपण'. इंग्रजीत किंवा प्रमाण हिंदीत हा भेद नाही. 'आम्ही जेवायला बसतो' आणि 'आपण जेवायला बसू' या दोन वाक्यांत घरी आलेल्या पाहुण्याने उठावे की थांबावे, हे व्याकरणच सांगून टाकते. सार्वजनिक भाषणात वक्ता या दोन सर्वनामांमध्ये कसा ये-जा करतो, आणि त्याच्या 'आपण'मध्ये प्रत्यक्षात कोण बसते, या कसोटीवर मराठवाड्यातील, विशेषतः आजच्या हिंगोली जिल्ह्याशी जोडलेल्या काही उदाहरणांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

औंढ्याच्या देवळामागे

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला वक्तृत्वाचा वारसा फार जुना आहे. परंपरेनुसार कयाधू नदीकाठचे नरसी हे संत नामदेवांचे (१२७०-१३५०) गाव, आणि औंढा नागनाथ हे त्यांच्या गुरुभेटीचे स्थान. औंढ्याच्या दोन आख्यायिका सर्वश्रुत आहेत. वक्तृत्वाच्या अंगाने मात्र त्या सहसा वाचल्या जात नाहीत.

पहिली आख्यायिका विसोबा खेचरांची. शिवलिंगावर पाय ठेवून झोपलेल्या विसोबांना नामदेव हटकतात. जेथे देव नाही तेथे हे पाय उचलून ठेव, एवढेच विसोबा म्हणतात. येथे उपदेश नाही, दृष्टान्त नाही, आवाजाचा चढउतारही नाही. फक्त एक काम सांगितले आहे, आणि ते करू पाहताना ऐकणारा स्वतःच निष्कर्षापर्यंत पोहोचतो. दुसरी आख्यायिका कीर्तनाची. देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनी मागच्या बाजूला पाठवले, तेव्हा देऊळच फिरले आणि नामदेवांच्या सन्मुख झाले, असे लोक सांगतात. नंदी देवळाच्या मागे का, याचे उत्तर म्हणून आजही हीच कथा ऐकवली जाते. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेचा सामाजिक आशय स्पष्ट राहतो. पुजाऱ्यांच्या 'आम्ही'ने ज्यांना मागे लोटले, त्यांच्याकडे केंद्रच वळले. शब्दाच्या सामर्थ्याची याहून मोठी कल्पना मराठी लोकमानसाने क्वचितच केली असेल.

तथापि कीर्तनाच्या रचनेतच एक धोकाही आहे. बुवा निरूपण करतात, टाळकरी साथ देतात, आणि नेमक्या जागी सारा समुदाय विठ्ठलनामाचा गजर करतो. हा गजर भक्तीचा उद्गार असला तरी श्रोत्याला तेथे होकाराखेरीज दुसरी भूमिका उरत नाही. हीच सवय राजकीय सभेत शिरली की टाळी हीच संमती ठरते. गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) कीर्तनाचा हा साचा आतून मोडला. ते श्रोत्यांना प्रश्न विचारत, उत्तराची वाट पाहत, आलेल्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढत. कर्ज काढून केलेला सण असो की नवसाचा बकरा, त्यातला मूर्खपणा श्रोत्याच्याच तोंडून वदवून घेतला जाई. कीर्तनाचा बाज तोच राहिला, पण गजराच्या जागी जबाब आला. विसोबांच्या पद्धतीशी या पद्धतीचे नाते उघड आहे.

'आमच्या देशा'तील माणसे

आधुनिक मराठी गद्याने आपले वक्तृत्व विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'त (१८७४-१८८१) कमावले. त्यांच्या गाजलेल्या आणि पुढे ब्रिटिश सरकारने जप्त केलेल्या निबंधाचे शीर्षक 'आमच्या देशाची स्थिती' असे आहे. राज्यकर्त्यांना उद्देशून म्हटलेला हा 'आमच्या' शब्द तेजस्वी होता, व्याकरणदृष्ट्याही अचूक होता. पारतंत्र्यात खचलेल्या सुशिक्षित पिढीला त्याने ताठ मान दिली, हे त्या वक्तृत्वाचे ऋण नाकारता येणार नाही. परंतु त्याच 'निबंधमाले'त महात्मा फुले यांच्या लेखनाची चर्चा आली तेव्हा त्यांच्या व्याकरणाची थट्टा उडवण्यात आली. जातीच्या गुलामगिरीविषयीचा मूळ प्रश्न शुद्धलेखनाच्या आड गेला. 'आमच्या देशा'त फुले यांची भाषा बसत नव्हती, एवढेच त्यातून सिद्ध झाले.

फुले यांचा 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ धोंडीराव आणि जोतीराव यांच्या प्रश्नोत्तरांतून उलगडतो. तेथे शंका विचारणारा एक आवाज ग्रंथातच बसवलेला आहे. पुराणातील अवतारांचा त्यांनी लावलेला अन्वयार्थ इतिहास म्हणून टिकणार नाही. तो मन वळवण्यासाठी रचलेला आहे आणि तसाच वाचला पाहिजे. पण शंकेला जागा ठेवणे आणि शंकेखोराच्या ऱ्हस्वदीर्घावर बोट ठेवणे यांतील फरक शैलीपुरता नाही.

वसमत ते विद्यापीठ

वक्तृत्वाचे उपयोग आणि धोके चार वर्षांच्या अंतराने, त्याच प्रदेशात आणि जवळपास त्याच शब्दांत पाहावयाचे असतील तर १९७४ आणि १९७८ ही वर्षे शेजारी ठेवावी लागतात.

हैदराबाद संस्थानातून १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झालेला मराठवाडा १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला, आणि पुढच्या दीड दशकात आपली उपेक्षा होत असल्याची भावना तेथे बळावली. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात नोकऱ्या, सिंचन आणि रुंदमापी रेल्वेमार्ग यांच्या मागण्या होत्या. वसमत येथील पोलीस गोळीबाराने त्या आंदोलनाला वेगळीच धार आली. 'मराठवाड्यावरील अन्याय' हे त्या काळातील शब्द पोकळ नव्हते. त्यांच्यामागे मोजता येईल असा अनुशेष होता, आणि पुढे १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालाने प्रादेशिक असमतोलाचे मोजमापही केले. येथे वक्तृत्वाने विखुरलेल्या तक्रारींना एक नाव दिले. ज्या दुःखाला नाव नसते त्याची मागणी करता येत नाही. त्या नावाने शेतकऱ्याचा मुलगा, वसतिगृहातला विद्यार्थी आणि बेकार पदवीधर एका वाक्यात आणले, हा वक्तृत्वाचा रास्त उपयोग होय.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव संमत केला, आणि लगोलग प्रदेशात हिंसाचाराचा भडका उडाला. खेडोपाडी दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. ज्यांची घरे जळली त्यांतील बहुतेकांचा विद्यापीठाच्या पाटीशी कधी संबंध आलेला नव्हता. नामांतराच्या विरोधकांत गोविंदभाई श्रॉफ आणि 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव यांच्यासारखे मुक्तिसंग्रामातील आदरणीय लोक होते. त्यांच्या विरोधाचा हेतू आणि खेड्यातील जाळपोळीचा हेतू एकच होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु सभेत उच्चारलेला शब्द वक्त्याच्या हेतूला बांधलेला राहत नाही. तो गावात पोहोचेपर्यंत त्याला गावाचा अर्थ चिकटतो.

तो शब्द होता 'अस्मिता'. न्यायशास्त्रात वाक्छल नावाचा एक दोष सांगितला आहे आणि त्याचे ठरलेले उदाहरण आहे 'नवकंबल'. नवी घोंगडी पांघरलेल्या माणसाला, तुझ्याकडे नऊ घोंगड्या कोठे आहेत, असे विचारणारा प्रतिपक्षी 'नव' या शब्दाचे दोन अर्थ मुद्दाम मिसळतो. १९७८ मध्ये 'मराठवाडा' या शब्दाचे असेच झाले. मराठवाडा हे एका प्रदेशाचे नाव आणि त्याच प्रदेशातील एका विद्यापीठाच्या नावातले पदही. विद्यापीठाचे नाव बदलणे म्हणजे प्रदेशाचे नाव पुसणे, हा युक्तिवाद या दोन अर्थांच्या मिश्रणावरच उभा होता. ठरावाने प्रदेशाच्या नावाला हातही लावलेला नव्हता. अजिंठ्याचा आणि गोदावरीचा मराठवाडा जागच्या जागी राहणार होता.

याहून गंभीर बाब सर्वनामाची. 'आपला मराठवाडा' या घोषातील 'आपला' ऐकायला समावेशक आहे. चार वर्षांपूर्वी त्यात गावकुसाबाहेरचा तरुणही उभा होता. तोच शब्द आता त्याच्यावर उगारला गेला, आणि शब्द न बदलताच त्याला त्यातून वगळण्यात आले. उघडपणे उच्चारलेला 'आम्ही' निदान कोणाला वगळतो ते सांगतो. वगळूनही 'आपण' म्हणत राहणारे वक्तृत्व अधिक धोकादायक असते, कारण बाहेर काढलेल्या माणसाला आपण बाहेर आहोत हे सिद्ध करण्याचेही ओझे वाहावे लागते.

विस्तार या शब्दाची करामत

या पार्श्वभूमीवर डॉ. आंबेडकरांच्या वक्तृत्वाकडे पाहिले म्हणजे त्यातील प्रामाणिकपणा जाणवतो. १९२७ मध्ये सुरू केलेल्या पाक्षिकाला त्यांनी 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले. भारत एकच आहे असे सोयीचे 'आपण' त्यांनी गृहीत धरले नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणातही त्यांनी राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांतील विसंगती बोलून दाखवली, आणि राजकारणातील विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते असा इशारा दिला. टाळ्यांच्या अत्युच्च क्षणी श्रोत्याला टाळीपासून सावध करणारे हे भाषण आहे. ते इंग्रजीत होते. मराठीत आणताना त्यातील प्रथमपुरुषी अनेकवचनापाशी प्रत्येक अनुवादकाला थांबावे लागते, कारण तेथे 'आम्ही' लिहावे की 'आपण', हा निर्णय निव्वळ भाषिक राहत नाही.

नामांतराचा लढा सोळा वर्षे चालला. १९७९ च्या नागपूर ते औरंगाबाद या लाँग मार्चपासून १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी केलेल्या आत्मदहनापर्यंत त्याने मोठी किंमत मोजली. १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव अमलात आले आणि या कृतीला 'नामांतर' न म्हणता 'नामविस्तार' म्हटले गेले. 'अंतर' शब्दात तुटणे आहे, 'विस्तार' शब्दात वाढणे आहे. एका उपसर्गाएवढ्या फरकाने दोन्ही बाजूंना मागे न हटता पुढे जाता आले. हे वक्तृत्वाचे कौशल्यच होते, आणि ते लोककल्याणाच्या कामी आले. तरीही या सुबक शब्दाने एक गोष्ट झाकली. १९७८ च्या ठरावातील मूळ शब्द रास्त होता, आणि विधिमंडळाने एकमुखाने दिलेले वचन पाळायला सोळा वर्षे लागली, याचा जाब 'विस्तार' शब्द कोणालाच विचारत नाही. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि हिंगोली परिसरातील महाविद्यालये त्याला जोडली गेली.

कुरुंदकरांची रीत

याच मातीतील नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) यांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय सुटत नाही. त्यांचा जन्म आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नांदापूरचा, आडनाव वसमत तालुक्यातील कुरुंद्याचे, कर्मभूमी नांदेडची. त्यांच्या भाषणांनी आणि लेखनाने मराठवाड्याच्या दोन पिढ्या घडवल्या. श्रोत्याची आवडती समजूत आधी त्याच्याहूनही नेटकेपणाने मांडायची आणि मग तिच्यातील अडचणी एकेक करून समोर ठेवायच्या, ही त्यांची रीत होती. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' कादंबरीला जोडलेली त्यांची प्रस्तावना मुळात लेखकाला लिहिलेले दीर्घ पत्र आहे. शिवाजी महाराजांच्या पराक्रमाचे गोडवे गाऊन टाळ्या मिळवणे तेथे सहज शक्य होते. कुरुंदकर उलट प्रश्न विचारतात. राजा गेल्यावर, राजधानी पडल्यावरही रयत औरंगजेबाशी वर्षानुवर्षे का झुंजत राहिली? ज्या राज्यात रयतेला 'हे आपले आहे' असे वाटले, त्या राज्याचे वेगळेपण ते या प्रश्नातून शोधतात. म्हणजे 'आपण' ही वक्त्याने केलेली घोषणा नसून राज्यकारभाराने कमावलेली गोष्ट आहे, असे त्यांच्या विवेचनातून निघते.

कुरुंदकरांच्या मर्यादाही आहेत. धक्कातंत्राचा मोह त्यांना अनेकदा पडतो, आणि काही ठिकाणी विधानाची चमक पुराव्यापेक्षा पुढे धावते. त्यांचे अनुकरण करणाऱ्यांनी नेमका हा धक्काच उचलला, त्यामागचे वाचन उचलले नाही. महाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धांत त्याचा प्रत्यय येतो. विषयाची अनुकूल किंवा प्रतिकूल बाजू चिठ्ठीने ठरते आणि दोन तासांत विद्यार्थी तिच्यासाठी जीव ओवाळून टाकायला तयार होतो. परीक्षकांच्या गुणपत्रकात उच्चार, हावभाव, सभाधीटपणा आणि वेळेचे भान यांसाठी रकाने आखलेले असतात. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडता आले का, यासाठी बहुतेक ठिकाणी रकाना नसतो.