‘कमला’ : बाजार दिसला, वाट दिसली नाही

विजय तेंडुलकरांचे ‘कमला’ हे नाटक पत्रकार अश्विनी सरीन यांनी १९८१ साली एक स्त्री विकत घेऊन उजेडात आणलेल्या व्यवहारावर बेतले आहे. नाटकात २५० रुपयांना आणलेली कमला घरच्या सरितालाच तिची किंमत विचारते. त्या निरागस प्रश्नाने सरिताचे सुखवस्तू दास्य उघडे पडते. हे नाटकाचे मोठे यश आम्ही मानतो.

परंतु त्यानंतर कमला केवळ आरसा उरते. अनाथाश्रमाकडे तिची रवानगी झाली, की रंगमंच तिला विसरतो. तिला बाजारापर्यंत कोणी व कशाच्या भुलावणीने नेले, हा शोध नाटकाच्या केंद्रस्थानी येत नाही. आग्रा महामार्गावरचे धुळे आणि भुसावळ जंक्शनचा जळगाव जिल्हा येथील वाचकाला हीच उणीव जाणवावी. नोकरीचे वा लग्नाचे आमिष गावातच दाखविले जाते. परदेशाची सीमा फार पुढे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो करारानेही फसवून मिळविलेल्या संमतीला संमती मानलेले नाही.

खरेदीदाराला लाजविणारे नाटक आपल्याला लाभले. त्या पहिल्या आमिषापाशीच मुलीला आणि तिच्या आईबापांना सावध करील, अशा कलाकृतीची वाट आम्ही पाहत आहोत.