फाया यांचा कन्चेर्तो आणि आपले कान

एखादी कलाकृती श्रोत्याला रिझवीत नाही, एवढ्यावरून ती नीरस ठरते काय? स्पॅनिश संगीतकार मान्युएल दे फाया यांचा हार्पसिकॉर्ड कन्चेर्तो ऐकताना हा प्रश्न आम्हांस दर वेळी पडतो. रचना जेमतेम पंधरा मिनिटांची. १९२३ साली हाती घेतलेली ही कृती १९२६ साली पुरी झाली आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला बार्सिलोना येथे वांडा लांडोव्स्का यांनी ती प्रथम वाजविली. तेव्हा तिचे स्वागत थंडच झाले. आजही नवखा श्रोता बहुधा हेच म्हणतो, की ही रचना कोरडी आहे, कानाला टोचते.

ही तक्रार खोटी नव्हे; तिचे मूळ वाद्यातच आहे. पियानोत तारेवर हातोडी आपटते आणि बोटाच्या जोराप्रमाणे स्वर लहानमोठा होतो. हार्पसिकॉर्डमध्ये तार नखीसारख्या टोकाने छेडली जाते. पट्टी हळू दाबा की जोराने, आवाजात फारसा फरक पडत नाही. सतारही नखीनेच वाजते. परंतु सतारियाला तार ओढून मींड घेता येते, स्वराला आर्जव आणता येते. येथे तीही सोय नाही. स्वर उमटतो आणि विरून जातो.

फाया यांनी ही उणीव झाकली नाही, यातच त्यांचे मोठेपण आहे. त्यांनी मोठा वाद्यवृंद घेतलाच नाही. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, व्हायोलिन व चेलो ही पाचच वाद्ये, आणि तीही केवळ साथीला नव्हेत. प्रत्येकाचा मान एकल वादकाचा. पहिल्या भागात, सोळाव्या शतकातील हुआन वास्केस यांनी बांधलेल्या एका गीताची चाल तुकड्यातुकड्यांनी येते. ती आता जुळणार असे वाटते न वाटते तोच मोडते. गोडवा मागणाऱ्या कानाला हा छळ वाटेल. घडण शोधणाऱ्या कानाला मात्र यातच आनंद आहे.

मधल्या विलंबित भागावर फाया यांनी १९२६ सालच्या ख्रिस्तदेहाच्या सणाची तिथी घातली आहे. हा सण गोव्यातील अनेक वाचकांच्या परिचयाचा. येथे हार्पसिकॉर्डचे भरगच्च स्वरपुंज एकामागून एक झंकारत जातात आणि भोवतीची वाद्ये प्राचीन प्रार्थनागायनाची आठवण देतात. ज्या वाद्याला स्वर धरून ठेवता येत नाही, त्याच्याकडून एवढे भव्य गांभीर्य वदवून घ्यावे, हे आम्हांस या रचनेचे शिखर वाटते.

तिसऱ्या भागाविषयी मात्र आमचे मन तितके निःशंक नाही. स्पेनमध्ये दीर्घकाळ राहून १७५७ साली माद्रिदला निवर्तलेल्या दोमेनिको स्कार्लाती यांची चपळाई त्यात आहे, लयीचे खेळही आहेत. तरी देवळातून एकदम अंगणात आल्यासारखे होते. कदाचित तोच हेतू असेल. पण उंचीवरून उतरल्याची जाणीव राहते खरी.

आणखी एक गोष्ट रसिकांनी ध्यानात घ्यावी. लांडोव्स्का यांचे वाद्य पॅरिसच्या प्लेयेल कारखान्यात घडलेले, भारदस्त होते. पुढे जुन्या नमुन्यांबरहुकूम हलकी वाद्ये पुन्हा प्रचारात आली. त्यांवर पहिला भाग अधिक स्वच्छ ऐकू येतो. मधला भाग मात्र दुबळा पडण्याचा धोका असतो. तेव्हा केवळ एक ध्वनिमुद्रिका ऐकून निकाल देऊ नये. स्वतः फाया यांनी १९३० साली हार्पसिकॉर्डवर बसून केलेले ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते आधी ऐकावे.

आमची विनंती एवढीच, की ही रचना लागोपाठ दोनदा ऐकावी. तीस मिनिटांचाच प्रश्न आहे. पहिल्यांदा कान पियानोचे मार्दव शोधतील. ते येथे मिळणार नाही अशी त्यांची खात्री पटली, की दुसऱ्यांदा ते जे आहे ते ऐकू लागतील.