पालक नावाचा निवेदक : ‘श्यामची आई’च्या माध्यमांतराविषयी

१

साहित्यकृतीवरून निघालेल्या चित्रपटाची चर्चा मराठीत बहुधा दोन टोकांमध्ये फिरत राहते. एका टोकाला मूळ संहितेशी निष्ठा राखण्याचा आग्रह असतो, तर दुसऱ्या टोकाला चित्रपट हे स्वायत्त माध्यम आहे हा सिद्धान्त. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा आस्वादक उभा असतो आणि समीक्षेने त्याची दखल क्वचितच घेतली आहे. मुलाला हाताशी धरून चित्रपटगृहात जाणारा पालक तो हा. त्याची मते ठरलेली असतात : चित्रपट सहकुटुंब पाहण्याजोगा आहे किंवा नाही, पुस्तकातले सगळे आले किंवा बरेच गळले, मुलांना काही घेण्यासारखे आहे किंवा नुसतीच करमणूक आहे. ही मते कलाबाह्य आणि बोधवादी म्हणून बाजूला सारली जातात. तथापि त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न अखेरीस कथनाच्या स्वरूपाचाच प्रश्न असतो. ‘श्यामची आई’ या पुस्तकाच्या आणि त्यावरून निघालेल्या दोन चित्रपटांच्या संदर्भात हे विशेष स्पष्टपणे दाखवता येते.

खानदेशच्या दृष्टीने या उदाहरणाला एक वेगळे महत्त्व आहे. ‘श्यामची आई’तील जग कोकणातले, पालगडचे आहे. परंतु ते जग शब्दांत मांडणारा माणूस घडला तो अमळनेरला. साने गुरुजी १९२४ मध्ये तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि १९३० च्या सत्याग्रहात उडी घेईपर्यंत तेथेच राहिले. छात्रालयातील मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे आवरून ठेवणे, त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक काढणे हा त्यांचा नित्यक्रम होता. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी टिपून घेतली. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहून झाले तेव्हा लेखकाच्या मागे दुसऱ्यांची मुले सांभाळण्याचा सहा वर्षांचा अनुभव होता. खानदेशातील आईबापांनी आपली मुले त्यांच्या स्वाधीन केली होती. या पुस्तकातील पालकत्व, म्हणून, दुहेरी आहे. आठवणीतली आई श्यामला वाढवते आणि तिची आठवण सांगणारा श्याम समोरच्या श्रोत्यांना वाढवतो.

२

‘श्यामची आई’चा कथनबंध सहसा दुर्लक्षित राहतो. लोकांच्या मनात राहतात ते प्रसंग. वास्तविक हे पुस्तक बेचाळीस रात्रींत विभागलेले आहे. आश्रमात सायंप्रार्थनेनंतर प्रौढ श्याम आपल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो आणि गावातली माणसे व मुलेही त्या ऐकायला येतात. प्रत्येक प्रसंग दोन काळांत घडतो. बालश्याम तो भोगतो आणि प्रौढ श्याम त्याचा अर्थ लावतो. या दोन काळांमधले अंतर हाच पुस्तकाचा खरा आशय आहे.

पोहण्याचा प्रसंग घ्यावा. श्याम पाण्याला भिऊन लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीकडे धाडते. बालश्यामच्या दृष्टीने हा निव्वळ मार आहे. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये हा त्यामागचा हेतू आणि मारल्यानंतर आईच्या जिवाची झालेली कालवाकालव, या गोष्टी वाचकापर्यंत पोहोचतात त्या प्रौढ निवेदकाच्या कृतज्ञ आवाजातून. मार आणि त्याचा उलगडा येथे एकाच वाक्यप्रवाहात येतात.

लाकडाच्या मोळीचा प्रसंग याहून अधिक गुंतागुंतीचा आहे. उन्हात थकलेल्या महार समाजातील म्हातारीला मोळी उचलून देण्यास आई श्यामला सांगते. परंतु घरी आल्यावर स्नान करण्याची अट तीही सोडत नाही. तिचे कारुण्य तिच्या काळाची चौकट वाकवते, मोडत नाही. निवेदक मात्र त्या चौकटीच्या पुष्कळ पुढे गेलेला आहे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करणारा माणूस ही आठवण सांगत आहे. आईच्या मर्यादेसह तिचे मोठेपण सांगणे हे केवळ निवेदकालाच साधते. निवेदक काढून घेतला तर एक तर मर्यादा लपवावी लागते, नाही तर मोठेपण उणावते.

३

आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट १९५३ मध्ये, गुरुजींच्या निधनानंतर तीन वर्षांनी आला. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम मराठी मनात इतके रुतून बसले की पुढच्या पिढ्यांनी पुस्तक वाचले तेही या चेहऱ्यांसह. वसंत देसाई यांच्या संगीताने गाणी घरोघर नेली. मराठी पालकाच्या लेखी ‘मुलांना दाखवावा असा चित्रपट’ या संकल्पनेची व्याख्याच या चित्रपटाने केली.

या यशाची एक बाजू मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. चित्रपट स्वभावतः वर्तमानकाळात बोलतो. पुस्तकात आठवण म्हणून येणारा मार पडद्यावर समोर घडतो. वनमालाबाईंच्या मुद्रेवरील वेदना पुष्कळसे सांगते, हे मान्य केले तरी प्रौढ श्यामचा तो पश्चातबुद्धीचा, कृतज्ञतेचा स्वर मुद्राभिनयाला पूर्णपणे पेलणारा नाही. त्यामुळे हा प्रसंग पाहून दोन परस्परविरुद्ध मते संभवतात आणि मराठी घरांत ती दोन्ही ऐकू येतात. आईने मारले म्हणून श्याम घडला, असे जुन्या पिढीतील पालक म्हणतो आणि आपल्या हातातल्या छडीला त्यातून आधार शोधतो. मुलाला मारताना दाखवणारे दृश्य मुलांपुढे कसे ठेवावे, असे आजचा पालक विचारतो. दोघेही प्रसंगाचे एकच अंग पाहतात. पुस्तकात ज्याने ही दोन अंगे जोडली होती तो निवेदक या दोघांनाही पडद्यावर भेटलेला नाही.

अत्र्यांचा विनोदी पिंड येथे आणखी एक पेच निर्माण करतो. ते स्वतः शिक्षक आणि मुख्याध्यापक होते. पाठ्यपुस्तकांच्या क्षेत्रातही त्यांनी मोलाचे काम केले. शाळामास्तरांच्या छडीची थट्टा करण्याचा त्यांचा हेतू उघड आहे. परंतु मुलांच्या तोंडी या चित्रपटातले सर्वांत अधिक बसले ते छडीचेच गाणे. खोल्या झाडून मुलांची मने जिंकणाऱ्या शिक्षकाच्या पुस्तकावरून निघालेल्या चित्रपटाने छडीला लोकप्रिय तालसूर मिळवून द्यावा, हा योगायोग उपरोधिक आहे. उपरोध कळण्यासाठी कोणीतरी तो उलगडून सांगावा लागतो. मुलाला तो आपसूक कळत नाही.

भावविवशतेचा आक्षेपही याच संदर्भात तपासला पाहिजे. ‘फार रडवतो’ ही पालकांची तक्रार पुस्तकाविषयीही होते आणि चित्रपटाविषयीही. पुस्तकातील अश्रूंना मात्र एक खंड असतो. रात्र संपते, श्रोते उठून जातात, दुसऱ्या दिवशीची कामे होतात आणि मग पुढची आठवण येते. कर्जापायी झालेला अपमान, मोठे होण्यासाठी पुस्तक हवे म्हणून केलेली चोरी, आईचा मृत्यू हे सारे बेचाळीस बैठकांत विभागून येते. चित्रपटात तेच दुःख एका बैठकीत सोसावे लागते. मुलाला ते जड जाते ही पालकाची भावना केवळ हळवेपणातून आलेली नाही. माध्यमांतराने कथनाचा काळ आकसला, ही कथनशास्त्रीय वस्तुस्थिती तो आपल्या भाषेत सांगत असतो.

४

सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’ २०२३ मध्ये आला आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. रंगीत पडद्याच्या युगात कृष्णधवल चित्रणाची निवड करून दिग्दर्शकाने ही गोष्ट भूतकाळातली आहे याची जाणीव प्रत्येक चौकटीत जागी ठेवली. ओम भूतकर यांच्या रूपाने प्रौढ साने गुरुजी येथे पडद्यावर आले. जो निवेदक मराठी प्रेक्षकाच्या स्मरणातून निसटला होता त्याला परत आणण्याचा हा प्रयत्न म्हणावा लागेल. त्याचे मोल मान्य करूनही एक शंका उरते. पुस्तकातील श्याम मित्रांपुढे बोलणारा एक साधा माणूस आहे. पडद्यावरचे गुरुजी मात्र इतिहासातील थोर पुरुष म्हणून येतात. थोर पुरुषाची आई आपोआप थोर ठरते. सामान्य घरातील आईचे असामान्यत्व ही पुस्तकाची मूळ शोधयात्रा त्यामुळे काहीशी आधीच संपून जाते.

याच दिग्दर्शकाने मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’वरून २०१२ मध्ये चित्रपट केला होता. त्या कादंबरीचा प्राण आहे तो नववीतल्या मुकुंदाचा प्रथमपुरुषी स्वर. तो स्वर विरळ झाला की पालकाला दिसते ती केवळ शाळकरी वयातली प्रेमकहाणी, आणि मग तो विचारतो की हे मुलांनी पाहावे का. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला २०१७ च्या चित्रपटात वयाने मोठे केले गेले आणि त्याला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या गैरव्यवहाराच्या शोधावर पाठवले गेले. लहानपणी ही पुस्तके वाचलेला बाप आपल्या मुलाला घेऊन गेला तेव्हा मुलाच्या वयाचा नायक त्याला पडद्यावर सापडला नाही. या दोन्ही ठिकाणी पालकाचा आक्षेप नीतीचा वाटतो. प्रत्यक्षात तो दृष्टिकोन बदलल्याचा, म्हणजे कोण पाहतो आणि कोण सांगतो, याविषयीचा आक्षेप आहे.

५

यातून एक निष्कर्ष निघतो. कौटुंबिक चित्रपट म्हणजे निरुपद्रवी चित्रपट, हे समीकरण ‘श्यामची आई’ मान्य करत नाही. त्यात दारिद्र्य आहे, जात आहे, मार आहे, मरण आहे. मुलांपासून यांतले काहीही लपवावे असे साने गुरुजींना वाटले नाही. हे सारे सांगताना सांगणारा मुलाच्या शेजारी बसलेला असावा, एवढीच त्यांच्या कथनाची अट होती. अमळनेरच्या छात्रालयात ते असेच बसले.

पडद्याला शेजारी बसता येत नाही. ती जागा रिकामी राहते आणि मुलाच्या कानाशी कुजबुजणारा पालक ती भरतो. आईने का मारले, म्हातारीला मोळी उचलून दिल्यावर स्नान कशासाठी, हे प्रश्न मूल त्यालाच विचारते. त्याचे उत्तर चांगले असेल तर माध्यमांतर पूर्ण होते. तो डोळे पुसून गप्प राहिला, किंवा ‘बघ, आई कशी असते’ एवढेच म्हणाला, तर सुवर्णपदक मिळवलेला चित्रपटही अर्धा राहतो. २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा संमेलननगरीला साने गुरुजींचे नाव देण्यात आले. नाव देणे सोपे असते. बेचाळीस रात्री मुलांशेजारी बसून सांगत राहणे अवघड असते, आणि कोणत्याही रूपांतराला ते काम पालकाच्या वतीने करता येणार नाही.