जन्माने गुन्हेगार?

माणूस मुळातच वाईट असतो का, या प्रश्नाचं उत्तर आमच्या सोलापूर जिल्ह्यात सरकारने कायदा करून देऊन टाकलं होतं. गुन्हेगार जमाती कायदा 1871 चा. 1911 च्या दुरुस्तीनंतर त्याचा अंमल मुंबई इलाख्यातही पसरला आणि पारधी, कैकाडी, भामटे, मांग-गारुडी अशा जमातींत जन्मलेलं मूल जन्मतःच संशयित ठरलं. जिल्ह्यातल्या मोहोळहून तासाभरात सोलापूर शहर येतं. तिथे तारेच्या कुंपणात या लोकांची वसाहत उभी राहिली. आत हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही, गिरणीत राबायचं. कायदा 1952 मध्ये रद्द झाला. त्या भागाला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात.

मराठी साहित्यातल्या दुष्टपणाचा विचार या कुंपणापासून सुरू व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. आपली समीक्षा मात्र विजय तेंडुलकरांपासून सुरुवात करते. त्यालाही कारण आहे. ‘गिधाडे’ 1970 मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी रंगमंचावर आणलं, तेव्हा पैशासाठी बापाला मारणारी, बहिणीचा पाय मोडणारी पोरं मध्यमवर्गीय प्रेक्षकाने पहिल्यांदाच आपल्यासारख्या दिवाणखान्यात पाहिली. त्या नाटकाची ताकद आजही कमी झालेली नाही. पण ही माणसं अशी का झाली, हे नाटक फारसं विचारत नाही. हाव त्यांच्या रक्तातच आहे असं वाटत राहतं. दोनच वर्षांनी आलेलं ‘घाशीराम कोतवाल’ मला म्हणूनच जास्त मोठं वाटतं. तिथे घाशीराम आधी अपमानित होतो, मग क्रूर होतो, आणि त्या क्रौर्याला कोतवालीची वस्त्रं नाना फडणवीस देतो. शेवटी जमावाच्या हाती सापडतो घाशीराम. नाना सुखरूप राहतो. पुढे 1973-74 मध्ये तेंडुलकरांनी नेहरू फेलोशिप घेऊन वाढत्या हिंसेचाच अभ्यास केला. ‘गिधाडे’तलं उत्तर त्यांना स्वतःलाही पुरलं नसावं.

त्याआधी 1959 मध्ये अण्णा भाऊ साठ्यांचा ‘फकिरा’ येऊन गेला होता. दुष्काळात माणसं जगवण्यासाठी लुटणारा आणि आपली माणसं सरकारने ओलीस धरल्यावर स्वतः हजर होणारा हा नायक. कायद्याने ज्याला चोर म्हटलं, त्याची नैतिकता कायद्यापेक्षा उंच आहे, हे अण्णा भाऊंनी ठणकावून सांगितलं. फक्त नायकाला थोर करताना त्यांना त्याचे दोष बाजूला ठेवावे लागले.

ते दोष लिहिण्याचं धैर्य आत्मकथनांनी दाखवलं. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ 1987 चं. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात चोरी शिकवली जाते. पोलिसांच्या माराला पोराने तोंड उघडू नये म्हणून घरचीच माणसं त्याला मारून मारून तयार करतात. चोरीतला वाटा पोलीसही खातात. माणूस वाईट जन्मतो की घडतो, या वादाचा इतका सविस्तर, इतका थंडपणे नोंदवलेला पुरावा मी मराठीत दुसरीकडे वाचलेला नाही. लक्ष्मण मान्यांच्या ‘उपरा’त (1980) गावाइतकीच जातपंचायतही निष्ठुर आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये बाईच्या कमाईवर जगणारे पुरुष तिच्या घरातलेच आहेत. सोसणारा माणूसही दुसऱ्याला छळतो, आणि तरीही तो जन्माने दुष्ट नसतो, हे या लेखकांनी स्वतःच्या माणसांची नावं घेऊन लिहिलं. असं लिहायला फार मोठी छाती लागते.

त्यानंतर मात्र घसरण झाली. ‘व्यवस्था’ नावाचा एक शब्द सापडला आणि पुष्कळ कथा-कादंबऱ्या त्याच्या आडोशाला गेल्या. वाईट ती व्यवस्था. मारणारा हात कुणाचा, त्या हाताला त्या क्षणी काय वाटलं, हे लिहिलंच जात नाही. आसाराम लोमट्यांची कथा याला अपवाद आहे. सिनेमात जेऊरच्या नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ (2013) आहे. त्यातल्या शाळकरी जब्याचं घर डुकरामागे धावतं तेव्हा हसणारी माणसं खलनायक नाहीत. ती त्याच्या गावातली, वर्गातली पोरं आहेत. ते हसू पाहताना प्रेक्षकाला आपली जागा कळते.

हसणाऱ्यांची, संशय घेणाऱ्यांची ही दुसरी बाजू मराठीत अजून नीट लिहिली गेलेली नाही. सेटलमेंटमध्ये हजेरी घेणारा कारकून, रात्री पालावर धाड घालणारा शिपाई, पारध्याचं नाव सुचवणारा पाटील यांच्या मनात शिरणारी कादंबरी माझ्या वाचनात नाही. आजही गावात चोरी झाली की पहिली नजर गावाबाहेरच्या पालाकडे जाते. ही नजर कुणा राक्षसाची नाही. ती देवभोळ्या, पाहुणचारात कमी न पडणाऱ्या, पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना जेवू घालणाऱ्या माणसांची आहे. चांगल्या माणसात हे कुठून येतं, हाच खरा कादंबरीचा विषय आहे, आणि तो सेटलमेंटबाहेर राहिलेल्या आपल्यासारख्यांनी लिहायचा आहे. मोहोळ, माढा, करमाळ्यात लिहू लागलेल्या तरुणांना माझी विनंती आहे: ‘उचल्या’ पुन्हा वाचा, आणि या वेळी त्यातल्या फौजदाराच्या जागी स्वतःला ठेवून वाचा.